टंगस्टनचा दगड कुठे सापडतो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

टंगस्टनच्या खनिजांबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : जगाच्या नकाशावर टंगस्टनचे साठे नेमके कुठे दाखवता येतील? जवळपास सगळं चीनमध्येच आहे, असं वाचलं. तसं असेल तर का?

उत्तर : ‘सगळं चीनमध्ये’ हे अर्धं खरं आहे. जगभरच्या खाणींतून वर्षाला साधारण ८० हजार टन टंगस्टन निघतं, धातूच्या हिशेबाने. त्यातले पाचातले चार हिस्से चीनचे. पण माहीत असलेल्या साठ्यांत चीनचा वाटा निम्म्याहून थोडासाच जास्त आहे. म्हणजे उरलेला जवळजवळ निम्मा साठा इतर देशांच्या जमिनीत आहे, फक्त तो बाहेर काढला जात नाही. असं का होतं, ते पुढच्या एका उत्तरात येईल.

आधी कारण पाहू, मग नकाशा. पृथ्वीच्या कवचात टंगस्टनचं सरासरी प्रमाण दहा लाखांत एक ते दीड भाग, म्हणजे एक टन खडकात ग्रॅम-दीड ग्रॅम. खाणीला परवडायचं तर टनाला किमान एक-दीड किलो तरी हवं. निसर्गाला हे प्रमाण हजारपटीने वाढवावं लागतं, आणि ते काम ग्रॅनाइट करतो. शिलारस थंड होताना त्यातून फेल्डस्पार, अभ्रक, क्वार्ट्झ ही खनिजं बनत जातात. टंगस्टनचा अणू या खनिजांच्या रचनेत नीट बसत नाही, म्हणून तो उरलेल्या रसात साठत जातो. शेवटी जो थोडा रस राहतो त्यात पाणी, फ्लोरीन, बोरॉन, कथील आणि टंगस्टन हे सगळे एकत्र आलेले असतात. हा रस ग्रॅनाइटच्या माथ्याकडे सरकतो, त्यातलं गरम खारट पाणी भेगांतून वर निसटतं आणि निवताना टंगस्टन सोडून जातं.

एवढ्यावरून नकाशा बराचसा कळतो. साठा हवा असेल तर उत्क्रांत झालेला, शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचलेला ग्रॅनाइट हवा. शिवाय त्या ग्रॅनाइटचा माथा अजून शाबूत असायला हवा. झीज जास्त झाली तर माथ्यासकट साठा वाहून गेलेला असतो, फार कमी झाली तर तो इतका खोल राहतो की कुणाला पत्ता लागत नाही. दक्षिण चीनमध्ये या दोन्ही गोष्टी जुळून आल्या. तिथलं कवच जुन्या चिकणमातीच्या गाळांचं, पुन्हा पुन्हा वितळलेलं, आणि साधारण १६ ते १५ कोटी वर्षांपूर्वी त्यातून ग्रॅनाइटची मोठी लाट वर आली. झीज झाली ती नेमकी माथा उघडा पडेल एवढीच. नानलिंग डोंगररांगेत, म्हणजे जियांगशी, हुनान आणि ग्वांगडोंग प्रांतांच्या सीमाभागात, खाणींची दाटी आहे ती यामुळे. जियांगशीतल्या दायू परगण्यातली शिहुआशान ही त्यातली जुनी आणि प्रसिद्ध खाण. हुनानमधल्या शिझुयुआनमध्ये टंगस्टनबरोबर कथील, मॉलिब्डेनम आणि बिस्मथही निघतं. जियांगशीच्या उत्तरेला दाहुतांग आणि झुशी हे प्रचंड साठे आहेत. त्यांचा खरा आकार या शतकातल्या शोधमोहिमांनंतर लक्षात आला.

चीनबाहेर जायचं तर पट्ट्यांनी जावं, देशांच्या यादीने नाही. पॅसिफिकच्या पश्चिम कडेने रशियाच्या प्रिमोर्येत व्होस्तोक-२ आणि लेर्मोंतोव्स्कोये, दक्षिण कोरियात सांगदोंग, व्हिएतनामच्या थाय न्गुयेन प्रांतात नुई फाओ. त्याच्या पश्चिमेला म्यानमारपासून थायलंडकडे जाणारा कथील-टंगस्टनचा पट्टा. त्यात मावची आणि दावेई (जुनं नाव ताव्हॉय) ही ठिकाणं एकेकाळी जगाला टंगस्टन पुरवत होती. दक्षिणेला ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडचं माउंट कार्बाइन आणि टास्मानियाजवळचं किंग बेट. पॅसिफिकच्या पलीकडच्या काठावर कॅनडातले मॅकटंग आणि कॅनटंग, कॅलिफोर्नियातलं पाइन क्रीक, आणि खाली बोलिव्हियाच्या अँडीजमधल्या शिरा.

युरोपचा पट्टा वेगळा आणि जुना, साधारण ३० कोटी वर्षांचा. पोर्तुगालचं पानाश्केइरा, स्पेनचं बार्रुएकोपार्दो, इंग्लंडचे डेव्हन-कॉर्नवॉल, जर्मनी-चेकियाच्या सीमेवरचे ‘धातूचे डोंगर’ अर्थात एर्झगेबिर्ग. मध्य आशियात कझाकस्तानचे वरचं कैराक्ती आणि बोगुती. कॉकेशसमध्ये तिर्निआउझ. आफ्रिकेत रवांडा आणि आसपास, तिथले ग्रॅनाइट तर सुमारे १०० कोटी वर्षांचे. ब्राझीलच्या ईशान्य भागात ब्रेजुई. राजस्थानातलं देगाणाही याच कुळातलं, ग्रॅनाइटशी जोडलेल्या वुल्फ्रमाइट या टंगस्टनच्या खनिजाचं.

प्रश्न : काही ठिकाणी वुल्फ्रमाइट निघतं, काही ठिकाणी शीलाइट. एकाच धातूची दोन खनिजं असतील तर कुठे कोणतं मिळेल, हे कशावरून ठरतं?

उत्तर : शेजारी कोणता खडक आहे, यावरून. ग्रॅनाइटमधून निघालेल्या गरम पाण्यातलं टंगस्टन स्थिर व्हायला जोडीदार शोधतं. वाटेत चुनखडी लागली तर भरपूर कॅल्शियम मिळतं आणि कॅल्शियम टंगस्टेट, म्हणजे शीलाइट बनतं. वाटेत शिस्ट, वालुकाश्म किंवा ग्रॅनाइटच असेल तर कॅल्शियम तुटपुंजं असतं. मग लोह आणि मँगनीज जोडीला येतात, आणि ते वुल्फ्रमाइट. लोह जास्त असेल तर त्याला फेर्बेराइट म्हणतात, मँगनीज जास्त असेल तर ह्युब्नेराइट. प्रत्यक्षात दोन्ही टोकांमधली मिश्रणंच जास्त आढळतात.

चुनखडी आणि ग्रॅनाइट भेटतात तिथे चुनखडी भाजून निघते आणि तिच्या जागी गार्नेट, पायरॉक्सीन अशा खनिजांचा जड, हिरवट-तपकिरी खडक तयार होतो. त्याला स्कार्न म्हणतात. सांगदोंग, किंग बेट, मॅकटंग, कॅनटंग, पाइन क्रीक, ब्रेजुई हे सगळे स्कार्न. चुनखडीचे थर सलग असतात, त्यामुळे स्कार्नमधला साठा चादरीसारखा पसरतो आणि त्याचा माग काढणं तुलनेने सोपं जातं.

दुसरा प्रकार शिरांचा. क्वार्ट्झच्या पांढऱ्या शिरेत वुल्फ्रमाइटची काळी चपटी पानं रोवलेली असतात. शिरेच्या कडेचा ग्रॅनाइट अनेकदा पांढऱ्या अभ्रकाचा आणि क्वार्ट्झचा झालेला असतो, त्याला ग्रायझेन म्हणतात. दक्षिण जियांगशीतल्या भूवैज्ञानिकांनी अशा शिरांचा ‘पाच मजली इमारती’चा आराखडा मांडला, आणि तो शोधकामात खरोखर उपयोगी पडतो. सर्वांत वरच्या मजल्यावर केसाएवढ्या बारीक शिरांची गर्दी. त्याखाली त्या बोटाएवढ्या होतात, मग एकमेकींत मिळून पातळ शिरा, मग जाड शिरा, आणि तळमजल्यावर त्या निमुळत्या होत संपतात. खाणीला हवा असतो तो मधला भाग. म्हणून डोंगरावर केसाएवढ्या शिरांचं जाळं दिसलं की ‘इथे काही नाही’ म्हणून परत फिरायचं नसतं. ती इमारतीची गच्ची असू शकते, चांगला माल तिच्या खाली. उलट माथ्यावरच जाड शीर उघडी दिसली तर वरचे मजले वाहून गेलेत, असं समजावं. खाली किती उरलं असेल याचा अंदाज मग सावधपणे करावा. पुढे या आराखड्यात तळघरही जोडलं गेलं. शिरांच्या खालच्या ग्रॅनाइटमध्ये विखुरलेला ग्रायझेनचा साठा असू शकतो, हे लक्षात आल्यावर बंद झालेल्या खाणींच्या खाली पुन्हा छिद्रं घेतली गेली.

शेजारच्या खडकाचा नियम मोडणारी उदाहरणंही आहेत, आणि ती ठाऊक असलेली बरी. बार्रुएकोपार्दोत शिरा ग्रॅनाइटमध्ये आहेत, तरी त्यांतलं मुख्य खनिज शीलाइट. ऑस्ट्रियातल्या मिटरसिलजवळच्या फेल्बरटालमध्ये चुनखडीचा स्कार्न नाही, तरी शीलाइटचा मोठा साठा आहे, तोही दबून-तापून रूप पालटलेल्या जुन्या ज्वालामुखी खडकांत. हा साठा १९६७ मध्ये सापडला. ओढ्यांचा गाळ आणि दगड अतिनील दिव्याखाली तपासत संशोधक वर चढत गेले. हे टंगस्टन समुद्रतळावर गाळाबरोबर साचलं, अशी त्या वेळची धारणा होती. नंतरच्या अभ्यासात ग्रॅनाइटशी नातं पुढे आलं आणि वाद बराच काळ चालला. पण चुकीच्या असू शकणाऱ्या कल्पनेने खरी खाण सापडवून दिली, याचं कारण ती कल्पना लोकांना योग्य खडकांपर्यंत घेऊन गेली आणि हातातला दिवा बरोबर होता.

प्रश्न : माझ्याकडे एक जड दगड आहे. अतिनील टॉर्चखाली तो निळसर चमकतो. हे शीलाइट समजावं का? घरच्या घरी खात्री कशी करायची?

उत्तर : नुसत्या चमकण्यावरून नाही. या प्रश्नाची पत्रं सर्वाधिक आली आणि बहुतेकांची चूक एकाच ठिकाणी होते, ती म्हणजे दिव्यात. शीलाइट चमकतं ते लघुलहरी अतिनील प्रकाशात, २५४ नॅनोमीटरच्या आसपास. बाजारात सहज मिळणारे एलईडी टॉर्च ३९५ किंवा ३६५ नॅनोमीटरचे, म्हणजे दीर्घलहरी असतात. त्यांच्याखाली शुद्ध शीलाइट जवळपास निपचित असतं. म्हणून तसल्या टॉर्चखाली दगड झगझगीत निळा दिसला, तर तो शीलाइट नसण्याचीच शक्यता जास्त. फ्लुओराइटवर संशय घ्या.

पद्धत अशी. दगड स्वच्छ धुऊन वाळवा, पण साबण लावू नका. साबणाचे अंश आणि कागदाचे धागे स्वतःच निळे-पांढरे चमकतात. पूर्ण अंधार करा आणि डोळ्यांना पाच मिनिटं सवय होऊ द्या. लघुलहरी प्रकाश डोळ्यांना आणि त्वचेला इजा करतो, म्हणून डोळे पूर्ण झाकणारा चष्मा घाला आणि दिवा कधीही चेहऱ्याकडे धरू नका. दिवा दगडापासून १० ते १५ सेंटिमीटरवर ठेवा. मध्ये साधी काच येऊ देऊ नका, ती लघुलहरी अडवते. काचेच्या कपाटातला नमुना चमकत नाही म्हणून टाकून देणारे लोक आहेत! आता रंग पाहा. शुद्ध शीलाइट झगझगीत निळसर-पांढरं दिसतं. त्यात मॉलिब्डेनम शिरलं असेल तर रंग आधी पांढरा आणि प्रमाण वाढेल तसा पिवळा होतो. अर्धा टक्का मॉलिब्डेनमनेही फरक दिसू लागतो. त्यामुळे पिवळा दिसणारा दगड बाद करू नये, आणि खाण चालवणाऱ्याच्या दृष्टीने तो पिवळा रंग आगाऊ इशारा असतो, कारण ते मॉलिब्डेनम पुढे रसायनांनी वेगळं करावं लागणार.

फसवणारी खनिजं दोन. फ्लुओराइट सहसा दीर्घलहरीत अधिक तेजस्वी असतं, शीलाइट उलट. दोन्ही दिवे आळीपाळीने लावले की हा गोंधळ मिटतो. हायड्रोझिंकाइट मात्र लघुलहरीत हुबेहूब शीलाइटसारखं निळं-पांढरं चमकतं. जस्ताच्या खनिजांवर हवामानाचा परिणाम होऊन ते पांढऱ्या पापुद्र्यासारखं तयार होतं. त्याच्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसतं. शीलाइट फसफसत नाही.

वुल्फ्रमाइट कुठल्याच दिव्याखाली चमकत नाही. त्याच्यासाठी वजन हीच परीक्षा. दगड हवेत तोला. मग दोऱ्याला बांधून, भांड्याच्या तळाला किंवा कडांना न टेकता, पाण्यात बुडवून तोला. हवेतलं वजन भागिले दोन्ही वजनांतला फरक, म्हणजे विशिष्ट गुरुत्व. समजा हवेत १४२ ग्रॅम, पाण्यात १२२ ग्रॅम, फरक २०, उत्तर ७.१. वुल्फ्रमाइटचं ७ ते ७.५ येतं, शीलाइटचं ६ च्या आसपास, क्वार्ट्झचं २.६५. इथे दोन चुका होतात. दगडाला क्वार्ट्झ चिकटलेला असला की सरासरी खाली येते. आणि दगड लहान असला की तराजूची चूक मोठी होते. १० ग्रॅमचा वुल्फ्रमाइटचा तुकडा जेमतेम १.४ ग्रॅम पाणी सारतो. ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर त्यातच सात टक्क्यांची गडबड. ५० ग्रॅमहून मोठा, स्वच्छ तुकडा घ्या आणि त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे ब्रशने झटका.

कथीलाचं खनिज कॅसिटराइटही काळं-तपकिरी आणि विशिष्ट गुरुत्व ७ च्या आसपास असलेलं. दोघं एकाच शिरेत शेजारी सापडतात, म्हणून घोटाळा नेहमीचा. चाकूचं टोक ओढा. वुल्फ्रमाइटवर ओरखडा उठतो, कॅसिटराइटवर नाही. चकाकी नसलेल्या पांढऱ्या पोर्सिलीनवर घासा. वुल्फ्रमाइटची रेघ तांबूस-तपकिरी ते काळी, कॅसिटराइटची जवळजवळ पांढरी. शिवाय वुल्फ्रमाइट एका दिशेने सपाट, चकचकीत पानासारखं फुटतं. टुर्मलिन दिसायला काळं असतं, पण हातात घेताच हलकं लागतं.

शीलाइटची रासायनिक परीक्षा प्रयोगशाळेतच करावी, कारण तीव्र आम्ल उकळावं लागतं. मैद्यासारखी बारीक पूड तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात उकळली की तळाशी टंगस्टिक आम्लाचा पिवळा साका बसतो. त्यात कथील किंवा जस्ताचा तुकडा टाकला की द्राव निळा होतो. पूड जाडी राहिली तर कणांवर पिवळा थर बसून क्रिया थांबते आणि ‘काही झालं नाही’ असं वाटतं. मॉलिब्डेनमही निळा रंग देऊ शकतं, म्हणून पिवळा साका न दिसता नुसता निळा आला तर त्यावर विसंबू नये.

प्रश्न : बातम्यांमध्ये ‘०.२ टक्के प्रतीचा मोठा साठा’ असं येतं. इतक्या कमी प्रमाणाला मोठा साठा कसं म्हणतात? त्यातून प्रत्यक्ष धातू किती मिळतो?

उत्तर : आधी विचारायचं, ०.२ टक्के कशाचे? टंगस्टनच्या व्यवहारात प्रत जवळजवळ नेहमी टंगस्टन ट्रायऑक्साइडची सांगतात, धातूची नाही. ऑक्साइडला ०.७९३ ने गुणलं की धातू मिळतो. उत्पादनाचे जागतिक आकडे मात्र धातूचे असतात. या दोन्ही गोष्टी एकत्र करून कोष्टकं बनवली जातात आणि वीस टक्क्यांची चूक नकळत शिरते.

हिशेब करून पाहू. १,००० टन दगड, प्रत ०.२ टक्के. ऑक्साइड २,००० किलो. कारखान्यात त्यातलं समजा ७० टक्के हाती लागलं तर १,४०० किलो. ते विकलं जातं ६५ टक्के ऑक्साइड असलेल्या कॉन्सन्ट्रेटच्या (दगड वेगळा काढून उरलेल्या खनिजाच्या) रूपात, म्हणजे सुमारे २,१५० किलो काळी किंवा पिवळसर जड पूड. धातू त्यात १,११० किलो. हजार टन फोडले, सव्वा टनही हाती आलं नाही, तरी हा धंदा चालू शकतो. व्यापारातलं माप १० किलो ऑक्साइडचं असतं, त्याला ‘मेट्रिक टन युनिट’ म्हणतात. नाव ऐकून टन समजू नये.

प्रत एकटी काही ठरवत नाही. पानाश्केइरातल्या शिरा जवळपास आडव्या आहेत आणि जाडी सरासरी २० ते ३० सेंटिमीटर. माणूस आणि यंत्र आत जायला दोन-सव्वादोन मीटर उंचीची पोकळी काढावी लागते. म्हणजे २५ सेंटिमीटर शिरेसाठी २२० सेंटिमीटर दगड फोडायचा. शिरेत २ टक्के ऑक्साइड धरलं तरी बाहेर येणाऱ्या मालात ते ०.२३ टक्क्यांवर येतं. शिरेची प्रत सांगून भुलवणाऱ्या अहवालांत ही पातळ होण्याची गोष्ट तळटिपेत असते. नुई फाओमध्ये याच्या उलट. तिथे टंगस्टनची प्रत ०.२ टक्क्यांच्या घरातली, पण साठा उघड्या खाणीतून निघतो आणि सोबत फ्लुओराइट, बिस्मथ, तांबं मिळतं. चार वस्तू मिळून खर्च वाटून घेतात.

प्रश्न : साठे असूनही युरोप-अमेरिकेतल्या खाणी बंद का पडतात?

उत्तर : किंमत हे एक कारण. १९८० च्या दशकात चीनचा माल स्वस्तात जगभर आला आणि एकामागून एक खाणी मिटल्या. किंग बेटाची १९९० मध्ये बंद झाली, सांगदोंगचीही १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांत. कॅनटंगची प्रत जगातल्या उत्तम प्रतींत गणली जायची, पण ती उत्तरेतल्या दुर्गम डोंगरांत. रस्ता, वीज, माणसं, सगळं लांबून आणायचं. २०१५ मध्ये दर पडले तेव्हा तीही थांबली. शेजारच्या मॅकटंगचा मोठा साठा अजून जमिनीतच आहे.

पण आमच्या मते जास्त दुर्लक्षित कारण खनिजाच्या ठिसूळपणाचं आहे. टंगस्टन धातू कठीण म्हणून ओळखला जातो, त्याची खनिजं मात्र दळताना भुगा होतात. खनिज जड असल्यामुळे ते पाण्याच्या प्रवाहात, हलत्या टेबलांवर आणि सर्पिल पन्हळींवर हलक्या दगडापासून वेगळं करतात. कण २० मायक्रॉनहून बारीक झाला की तो जड असूनही पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणून नियम असा की एकदम बारीक दळायचं नाही. भरडायचं, सुटलेलं खनिज लगेच काढून घ्यायचं, उरलेलं पुन्हा भरडायचं. चक्कीत गेलेला जड कण चाळणीत वेळेवर सापडला नाही तर तो वजनामुळे पुन्हा पुन्हा चक्कीतच परततो आणि शेवटी भुगा होऊन हातचा जातो. नुकसानीची ही जागा प्रवाहचित्रावर दिसत नाही, गाळाची चाचणी केली की दिसते.

डेव्हनमधल्या हेमर्डनचं उदाहरण पाहा. साठा १८६७ पासून माहीत, दुसऱ्या महायुद्धात थोडं काम झालं, २०१५ मध्ये तिथे नवी उघडी खाण सुरू झाली आणि २०१८ मध्ये बंद पडली. वरचा ग्रॅनाइट कुजून मऊ, चिनीमातीसारखा झालेला. त्यातून बारीक गाळ अपेक्षेपेक्षा जास्त आला आणि हाती लागणारं प्रमाण ठरवल्याच्या खाली राहिलं. कारखान्याच्या कमी वारंवारितेच्या आवाजाचा आसपासच्या वस्तीला त्रास झाला तो वेगळाच. जमिनीत टंगस्टन नव्हतं, असं नाही. ते पकडता आलं नाही.

शीलाइटच्या बाबतीत अडचण अजून एक. बारीक शीलाइट फेसावर तरंगवून काढतात. त्यासाठी वापरायची मेदाम्लं कॅल्शियमला चिकटतात, आणि कॅल्साइट, फ्लुओराइट, अपेटाइट या सगळ्यांतच कॅल्शियम. सगळे एकदम वर येतात. उपाय सोव्हिएत काळातला, पेत्रोव्ह पद्धतीचा. पहिला फेस दाट करून त्यात भरपूर सोडियम सिलिकेट घालायचं, ८०-९० अंश सेल्सिअसला अर्धा ते एक तास ढवळायचं, मग पातळ करून पुन्हा तरंगवायचं. तापवल्यावर कॅल्साइटवरचा मेदाम्लाचा थर सुटतो, शीलाइटवरचा टिकतो. तापमान कमी पडलं तर वेगळेपणा येत नाही, आणि इंधनाचा खर्च तर रोजचाच.

दर चढले की या खाणींची पुन्हा आठवण होते. किंग बेटावरची खाण २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली, सांगदोंगमध्येही नव्याने काम चालू आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने टंगस्टनसह पाच धातूंच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं, तेव्हापासून ही धावपळ वाढली आहे.

प्रश्न : रवांडा आणि काँगोच्या टंगस्टनला ‘संघर्ष खनिज’ म्हणतात. तिथलं खनिज वेगळं असतं का?

उत्तर : खनिज तेच, वुल्फ्रमाइट, बरंचसं लोहप्रधान. फरक काढण्याच्या पद्धतीत आहे. मऊ झालेल्या खडकातल्या शिरा हाताने खणता येतात, मोठा कारखाना लागत नाही, म्हणून सशस्त्र टोळ्यांना तो धंदा ताब्यात घेणं सोपं जातं. अमेरिकेच्या २०१० च्या कायद्याने आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या युरोपीय नियमाने कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोनं या चौघांचा उगम तपासणं बंधनकारक केलं. पोत्याला खाणीवरच क्रमांकाची पट्टी लावतात. मात्र पट्टी लावण्याआधी पोत्यात काय भरलं, हे पट्टी सांगत नाही. भट्टीत वितळल्यावर तर उगम ओळखणं अशक्यच, म्हणून खरी तपासणी भट्टीच्या दारापर्यंतच होऊ शकते.

प्रश्न : टंगस्टनचं चिन्ह डब्ल्यू का?

उत्तर : वुल्फ्रम या जर्मन नावावरून. एर्झगेबिर्गमधले खाणकामगार कथील वितळवत तेव्हा हे खनिज मळीत कथील ओढून घेई, लांडगा मेंढ्या खातो तसं. ‘टंगस्टन’ हा स्वीडिश शब्द, अर्थ ‘जड दगड’, आणि तो मुळात शीलाइटसाठी होता. कार्ल विल्हेल्म शीले यांनी १७८१ मध्ये त्यातून टंगस्टिक आम्ल मिळवलं. धातू वेगळा केला तो १७८३ मध्ये स्पेनमधल्या बेर्गारा इथे एल्हुयार बंधूंनी, आणि तोही वुल्फ्रमाइटपासून.

प्रश्न : सोन्यासारखं हेही जड आहे. मग नदीच्या वाळूत थाळी फिरवून मिळेल का?

उत्तर : मिळतं, पण नदीच्या उगमाकडे, शिरेपासून फार तर काही किलोमीटरांत. सोनं मऊ असतं. दगडांनी ठेचलं तरी चपटं होतं, फुटत नाही, म्हणून दूरवर जातं. वुल्फ्रमाइट पानापानाने फुटतं आणि बारीक होऊन पाण्याबरोबर निघून जातं. खडबडीत, कोपरे शाबूत असलेले काळे कण थाळीत दिसले तर शीर जवळ आहे. शोधकाम करणारे याचाच फायदा घेतात. ओढ्याला ओढा मिळतो त्या प्रत्येक ठिकाणी, दोन्ही फाट्यांत, संगमाच्या थोडं वर, ठरलेल्या मापाचा गाळ घेऊन धुतात आणि कण मोजतात. कण मिळत असलेल्या फाट्याने वर जाताना जिथे मोजणी एकदम शून्यावर येते, त्याच्या लगेच खालच्या उतारावर चढायचं. माप सगळीकडे सारखं नसेल तर ही मोजणी निरर्थक. आणि नमुना मोठ्या दगडांच्या मागच्या, प्रवाह मंदावतो त्या खळग्यातून तळापर्यंत खरवडून घ्यावा. वरवरची वाळू घेतली तर जड कण खालीच राहतात.

थाळीतली शेवटची काळी रेघ वाळवून लघुलहरी दिव्याखालीही पाहावी. वुल्फ्रमाइट शोधताना पांढरट, सहज नजरेतून सुटणारे शीलाइटचे कण त्यातच बसलेले असतात.